जहाजाचा डोस, माणसाचा डोस

अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू जहाजावर किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं जागोजागी बसवलेली असतात. जहाजाच्या पोटातल्या अणुभट्टीतून काही गळत तर नाही ना, एवढंच त्यांनी पाहायचं असतं. मार्च २०११ मध्ये जपानच्या किनाऱ्याजवळ ‘यूएसएस रोनाल्ड रेगन’ या अमेरिकी जहाजावरच्या यंत्रांनी इशारा दिला, तेव्हा जहाजाच्या दोन्ही भट्ट्या ठणठणीत होत्या. किरणोत्सर्ग बाहेरून आला होता, वाऱ्यावर बसून. घरातला चोर पकडायला ठेवलेल्या राखणदाराला अंगणातून धूर आत येताना दिसावा, तसा प्रकार.

रेगन तिथे मदतीसाठी आलं होतं. खरं तर ते दक्षिण कोरियाकडे लष्करी सरावाला निघालं होतं. ११ मार्चला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, त्यामागून त्सुनामी आली आणि रेगनला वाट बदलायचा हुकूम मिळाला. १३ मार्चला ते होन्शू बेटाच्या किनाऱ्याजवळ पोहोचलं. या मदतमोहिमेला अमेरिकेनं जपानी नावच दिलं: ऑपरेशन तोमोदाची. तोमोदाची म्हणजे मित्र.

पण तोवर फुकुशिमा दाइइची प्रकल्पातली एक नंबरची इमारत उडून गेली होती. त्सुनामीच्या पाण्यानं डिझेल जनरेटर बुडवले, वीज गेली, भट्ट्या थंड ठेवणारे पंप बंद पडले. तापलेल्या इंधनाच्या नळ्यांवरचं झिर्कोनियम आणि वाफ यांच्यातल्या प्रक्रियेतून हायड्रोजन तयार झाला आणि १२ तारखेला दुपारी त्याचा स्फोट झाला. १४ ला तीन नंबरच्या इमारतीत, १५ ला चार नंबरच्या. म्हणजे अमेरिकी मदत सुरू होत होती आणि भट्ट्या एकामागून एक हातातून सुटत होत्या. दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच किनाऱ्यावर.

इशारा मिळाला तेव्हा रेगन प्रकल्पापासून सुमारे १०० मैल ईशान्येला होतं. त्या दिवसांत वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्यांची फोनवर जी बोलणी झाली, त्यांच्या लेखी नोंदी पुढे माहितीच्या कायद्याखाली बाहेर आल्या. नौदलाच्या अणुभट्ट्या सांभाळणाऱ्या विभागाचे अधिकारी त्यांत सांगताना दिसतात की समुद्रावरच्या हवेत एरवी जेवढं सापडतं त्याच्या तीसपट किरणोत्सर्ग जहाजाला आढळला. भट्ट्यांच्या स्थितीबद्दल जे कानावर आलं होतं त्यावरून २५ मैलांवरसुद्धा एवढं काही मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ही माणसं अणुभट्ट्यांतलीच, आयुष्य त्यात गेलेली. त्यांचा अंदाज चुकला याचा अर्थ एवढाच की आत काय चाललंय हे बाहेर कोणालाच नीट ठाऊक नव्हतं.

सेंदाईजवळ मदत टाकून परतलेल्या तीन हेलिकॉप्टरमधल्या १७ जणांच्या अंगावर किरणोत्सर्गी कण सापडले. नौदलाच्या सातव्या आरमारानं तसं पत्रक काढलं: प्रमाण कमी आहे, साबण आणि पाण्यानं धुतल्यावर ते निघून गेलं, पुन्हा तपासल्यावर काही सापडलं नाही. जहाजावरच्या माणसांना मिळालेला डोस जास्तीत जास्त धरला तरी तो महिन्याभरात निसर्गाकडून मिळणाऱ्या डोसपेक्षा कमी आहे, असंही त्यात होतं.

हे वाक्य जरा उलगडायला हवं. जमीन, खडक, हवेतला रेडॉन, आकाशातून येणारे किरण, आपलं अन्न या सगळ्यांतून आपल्याला रोज थोडा किरणोत्सर्ग मिळत असतो. जगाची सरासरी धरली तर वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे महिन्याला ०.२. छातीच्या एका सीटी स्कॅनमध्ये याच्या कितीतरी पट मिळतो. त्यामुळे पत्रकातला आकडा खरा धरला तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. मात्र तो आकडा पहिल्या दोन-तीन दिवसांचा होता. तोमोदाची मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत चालली.

इशाऱ्यानंतर रेगननं जागा बदलली. वाऱ्याच्या दिशेतून बाजूला सरकून ते पुन्हा कामाला लागलं. घरी गेलं नाही. हेलिकॉप्टरं ब्लँकेट, पाणी, अन्न घेऊन किनाऱ्यावर जात राहिली. खबरदारी म्हणून काही वैमानिकांना पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडिननं आधीच भरून टाकायची, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडिन आलं तरी त्याला जागा मिळत नाही, हे त्यामागचं गणित. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर शेकडो खलाशी हातात ब्रश घेऊन जहाजाचं लांबरुंद डेक घासत होते. त्याचे फोटो नौदलानंच प्रसिद्ध केले.

या कथेत वाऱ्याचा वाटा मोठा आहे. मार्चमध्ये तिथे वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे. फुकुशिमातून हवेत गेलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यापैकी सुमारे ८० टक्के पॅसिफिकवर गेलं, असा अंदाज आहे. टोकियोसाठी हे मोठंच नशीब. पण किनाऱ्यासमोर समुद्रात उभं राहून मदत करणाऱ्यांसाठी त्याचा अर्थ उलटा होता.

मग गेलेच कशाला, असं कोणी म्हणेल. त्यासाठी उकेदोकडे पाहावं लागतं. उकेदो ही नामिए गावाची किनाऱ्यावरची वस्ती, प्रकल्पाच्या उत्तरेला काही किलोमीटरवर. ११ मार्चच्या रात्री ढिगाऱ्यांत माणसं जिवंत असल्याच्या खुणा गावातल्या अग्निशमन दलाच्या लोकांना मिळाल्या होत्या. उजाडल्यावर यंत्रं घेऊन यायचं ठरलं. पण १२ तारखेला पहाटे पावणेसहाच्या सुमारास प्रकल्पापासून १० किलोमीटरचा परिसर रिकामा करायचा आदेश आला. शोध घ्यायला निघालेल्या माणसांना गावातल्या लोकांना बाहेर काढायचं काम करावं लागलं, आणि मग स्वतःही निघावं लागलं. १० किलोमीटरच्या आत पोलिसांनी मृतदेहांचा शोध पुन्हा सुरू केला तो १४ एप्रिलला. महिनाभर तिथे कोणी गेलं नव्हतं. आदेश चुकीचा होता असं म्हणता येत नाही. त्याच दुपारी स्फोट झाला. पण किरणोत्सर्गाच्या भीतीनं मदत थांबते तेव्हा काय होतं, हे बघायचं असेल तर ते इथे दिसतं. किरणोत्सर्गानं त्या आठवड्यात तिथे कोणाचा बळी घेतला नाही. तो येईल म्हणून मागे राहिलेल्यांपैकी काही वाचू शकले असते का, हा प्रश्न नामिएची माणसं आजही विचारतात.

जिथे मदत पोहोचली तिथे तिचा फरकही स्वच्छ दिसतो. सेंदाईचा विमानतळ चिखल, गाड्या आणि झाडांच्या ओंडक्यांनी भरला होता. तो कित्येक महिने उघडणार नाही असं वाटत होतं. ओकिनावातल्या तळावरून आलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या खास तुकडीनं जपानी कामगारांच्या सोबतीनं धावपट्टीचा पट्टा मोकळा केला आणि १६ मार्चला तिथे लष्करी मालवाहू विमान उतरलं. १३ एप्रिलला प्रवासी विमानंही सुरू झाली. केसेन्नुमाजवळचं ओशिमा बेट फेरीबोटी नष्ट झाल्यानं तुटलं होतं. तिथे ‘यूएसएस एसेक्स’वरचे मरीन २७ मार्चला उतरले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बेटावरच्या लोकांबरोबर बंदर आणि रस्ते साफ करत होते. सेंदाईच्या विमानतळाशेजारच्या वाळूवर कोणीतरी पाइनच्या ओंडक्यांनी ‘आरिगातो’ असं लिहिलं, वरून उडणाऱ्यांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. आरिगातो म्हणजे आभार.

सगळ्या मोहिमेत मिळून सुमारे २४ हजार सैनिक, १८९ विमानं आणि दोन डझन जहाजं होती. यामागे राजकारण नव्हतं असं मी म्हणणार नाही. ओकिनावातल्या फुतेन्मा तळावरून दोन्ही देशांत कुरबूर चालू होती. तळांच्या खर्चासाठी जपान जो वार्षिक निधी देतो, त्याच्या पुढच्या पाच वर्षांच्या कराराला जपानी संसदेनं मंजुरी दिली ती ३१ मार्च २०११ ला, मदत ऐन भरात असताना. ओकिनावातल्या वर्तमानपत्रांनी हे सगळं तेव्हाच बोलून दाखवलं. ते खोटं नव्हतं. आणि ओशिमाच्या बंदरातला ढिगाराही खराच उचलला गेला.

अमेरिकेच्या आतही एकमत नव्हतं. जपाननं प्रकल्पापासून २० किलोमीटर परिसर रिकामा केला होता. अमेरिकेच्या नागरी अणुनियामक आयोगानं आपल्या नागरिकांना ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर दूर राहायला सांगितलं. त्यामागे एक गृहीतक होतं: चार नंबरच्या इमारतीतल्या वापरलेल्या इंधनाच्या टाकीत पाणी उरलेलं नाही. आयोगाच्या अध्यक्षांनी १६ मार्चला अमेरिकी संसदेसमोर तसं सांगितलं. टाकीत पाणी होतं, हे नंतर कळलं. नौदलातल्या वरिष्ठांचं म्हणणं याहून पुढचं होतं. २०० मैलांपर्यंतच्या अमेरिकनांना हलवावं असा त्यांचा आग्रह होता. त्या परिघात टोकियो येतं आणि नौदलाचा योकोसुका तळही.

हा आग्रह भित्रेपणातून आलेला वाटू शकतो. पण नौदलाची अडचण वेगळी होती, आणि सॉफ्टवेअरमध्ये दिवस काढणाऱ्या माणसाला ती चटकन कळते. त्यांची सगळी सुरक्षा एका गोष्टीवर उभी आहे: पार्श्वभूमी शून्याच्या जवळ हवी. म्हणजे जरासं काही वाढलं तरी भट्टी गळतेय हे लगेच समजतं. जहाजाच्या हवेच्या नळ्यांतच फुकुशिमाचं सिझियम जाऊन बसलं, तर उद्या खरी गळती ओळखायची कशी? ज्याच्या लॉगमध्ये रोज हजार खोटे अलर्ट येतात, त्याला हजार एकावा खरा अलर्ट दिसत नाही. योकोसुकाला दुरुस्तीसाठी उभं असलेलं ‘यूएसएस जॉर्ज वॉशिंग्टन’ हे दुसरं विमानवाहू जहाज २१ मार्चला काम अर्धवट टाकून बंदरातून निघालं. प्रकल्पापासून अडीचशे किलोमीटरहून दूर असलेल्या तळावरून. सैनिकांच्या हजारो कुटुंबीयांनाही सरकारी खर्चानं मायदेशी जायची मुभा मिळाली.

बायकामुलांना विमानात बसवून परत पाठवायचं आणि त्याच दिवसांत विशी-बाविशीतल्या खलाशांना हेलिकॉप्टरनं उत्तरेला धाडायचं, यात मला ढोंग दिसत नाही. सैन्य असंच चालतं. जोखीम घेणं हा नोकरीचा भाग असतो. पण मग कुटुंबांना निवड होती आणि खलाशांना नव्हती, हे मान्य करून पुढे गेलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत घडत होती, जी कळायला वर्ष गेलं. किरणोत्सर्ग कुठे पसरेल याचा अंदाज बांधणारी ‘स्पीडी’ नावाची संगणकप्रणाली जपानकडे होती. तिचे अंदाज जपानी जनतेसमोर आले २३ मार्चला. पण अमेरिकी लष्कराला ते १४ मार्चलाच दिले गेले होते. जपानच्या शिक्षण व विज्ञान मंत्रालयाच्या अधिकाऱ्यानं जानेवारी २०१२ मध्ये संसदेच्या चौकशी समितीसमोर तशी कबुली दिली. आणि उलट दिशेनं पाहिलं तर अमेरिकी ऊर्जा खात्याच्या विमानांनी १७ ते १९ मार्चदरम्यान आकाशातून मोजणी करून वायव्येकडे गेलेला किरणोत्सर्गाचा पट्टा दाखवणारा नकाशा जपानला दिला, तर जपानी खात्यांनी तो लोकांना हलवण्यासाठी वापरलाच नाही. इतातेसारख्या गावातली माणसं त्या पट्ट्यात राहत होती. मित्रांमध्ये माहिती दोन्हीकडून वाहत होती. ती खाली, ज्याच्या डोक्यावर पाऊस पडत होता त्याच्यापर्यंत, पोहोचत नव्हती. जपानी शेतकऱ्याच्या बाबतीत हे जितकं खरं, तितकंच डेकवर काम करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या अमेरिकी खलाशाच्या बाबतीतही. टोकियो इलेक्ट्रिक कंपनीनं, म्हणजे टेपकोनं, इंधन वितळल्याचं मान्य केलं मे महिन्यात. तेव्हाच्या अध्यक्षांनी ‘मेल्टडाऊन’ हा शब्द वापरू नका अशी सूचना दिली होती, हे २०१६ मध्ये बाहेर आलं.

भारतानंही त्या वेळी माणसं पाठवली होती, हे आपल्याकडे फारसं कोणाला आठवत नाही. एनडीआरएफ म्हटलं की माळीण, कोल्हापूर-सांगलीचा पूर, इर्शाळवाडी डोळ्यांसमोर येतं. या दलाची परदेशातली पहिली मोहीम होती जपानची. मार्चच्या अखेरीस ४६ जणांची तुकडी मियागी प्रांतातल्या ओनागावा या गावी गेली आणि ढिगाऱ्यांत बेपत्ता लोकांचा शोध घेत राहिली. एनडीआरएफ म्हणजे लष्कर नव्हे, पण त्यातले जवान निमलष्करी दलांतूनच येतात आणि अणु-रासायनिक दुर्घटनांचं प्रशिक्षण घेतलेले असतात. ओनागावा फुकुशिमा दाइइचीच्या उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर आहे. दहा हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव, त्यातली आठशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. या गावाचा स्वतःचाही एक अणुप्रकल्प आहे. तो उंचावर बांधलेला असल्यानं वाचला, आणि घरं गेलेल्या शेकडो गावकऱ्यांनी त्याच्याच आवारातल्या व्यायामशाळेत आसरा घेतला. एका अणुप्रकल्पापासून लोक पळत होते तेव्हा दुसऱ्यात लोक अंथरूण टाकत होते. आपले जवान तिथे, त्या थंडीत, या दोन्हींच्या मध्ये काम करत होते.

तोमोदाची संपल्यावर काही काळानं रेगनवरच्या काही खलाशांना त्रास सुरू झाले. थायरॉइडचे विकार, रक्ताचे कर्करोग, हाडांचे आणि स्नायूंचे आजार. २१ डिसेंबर २०१२ ला त्यांच्यातल्या आठ जणांनी सॅन डिएगोच्या न्यायालयात टेपकोविरुद्ध दावा लावला. भट्ट्यांची खरी स्थिती कंपनीनं लपवली, ती कळली असती तर आमच्या वरिष्ठांनी जहाज तिथे नेलं नसतं, हे त्यांचं मुख्य म्हणणं. समुद्राचं पाणी गोडं करून जहाजावर प्यायला आणि आंघोळीला वापरलं जातं, त्यातूनही किरणोत्सर्ग अंगात गेला, असाही आरोप होता. पुढे दावेदारांची संख्या काहीशेंवर गेली.

टेपकोवर दावा का, स्वतःच्या सरकारवर का नाही? कारण तो रस्ता बंद आहे. १९५० च्या ‘फेरेस’ खटल्यापासून अमेरिकेत नियम असा की सेवेत असताना झालेल्या इजेबद्दल सैनिक सरकारकडे न्यायालयातून नुकसानभरपाई मागू शकत नाही. भट्ट्यांची रचना करणारी जनरल इलेक्ट्रिक ही तर अमेरिकी कंपनी, तिच्यावर? जपानच्या कायद्यानुसार अणुअपघाताची सगळी जबाबदारी प्रकल्प चालवणाऱ्यावर येते. यंत्र पुरवणारा मोकळा राहतो. उरली टेपको, आणि ती दुसऱ्या देशात.

टेपकोच्या वकिलांनी मांडलेल्या मुद्द्यांपैकी एकापाशी मी बराच वेळ थांबलो. अमेरिकी कायद्यात ‘अग्निशामकाचा नियम’ म्हणून एक तत्त्व आहे. आग विझवायला आलेला जवान, ज्यानं आग लावली त्याच्यावर भाजल्याबद्दल दावा लावू शकत नाही, कारण आगीत शिरणं हेच त्याचं काम. हाच नियम खलाशांना लावा, असं टेपकोचं म्हणणं. तर्क सरळ वाटतो. पण अग्निशामकाला आग दिसते. घरात गॅसची टाकी आहे हे घरमालकानं त्याच्यापासून लपवलं तर? शिवाय हे खलाशी भट्टी विझवायला आले नव्हते. ते त्सुनामीनं उद्ध्वस्त झालेल्यांना ब्लँकेट द्यायला आले होते. २०१७ मध्ये अपील न्यायालयानं हा मुद्दा निकालात काढला नाही. तो खटल्याच्या मूळ वादात गुंतलेला आहे, म्हणून आत्ताच ठरवता येत नाही असं म्हणून खटला पुढे चालू द्यायला संमती दिली.

पण खटला चाललाच नाही. हा वाद जपानी कायद्याचा, तो जपानी न्यायालयात जावा, या भूमिकेवरून मार्च २०१९ मध्ये खालच्या न्यायालयानं दावा काढून टाकला. मे २०२० मध्ये अपिलात तेच कायम झालं आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. आठ वर्षांत एकाही साक्षीदाराची ज्यूरीसमोर उलटतपासणी झाली नाही. किती डोस मिळाला, आजार त्यामुळे झाला की नाही, टेपकोनं काय लपवलं, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर न्यायालयानं दिलं नाही.

विज्ञानाच्या बाजूनं पाहिलं तर खलाशांची बाजू कमकुवत आहे, असं माझं मत. अमेरिकी संरक्षण खात्यानं २०१४ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात म्हटलं की मोजलेले डोस इतके कमी होते की त्यांतून असे आजार होणं संभवत नाही. काळाचा हिशेबही त्यांच्या विरोधात जातो: किरणोत्सर्गानं होणारा रक्ताचा कर्करोग दिसायला किमान दोनेक वर्षं लागतात, गाठीच्या कर्करोगांना त्याहून बरीच जास्त, आणि यांतले काही आजार त्याआधीच सुरू झाले होते. विशीतल्या पाच हजार माणसांचा कुठलाही गट घेतला तरी काही वर्षांत त्यात काही कर्करोग निघतातच. ही गोष्ट आजारी माणसाला सांगणं क्रूर आहे. तरी ती खरी आहे.

माझा आक्षेप डोस कसा काढला इथे आहे. खात्यानं जपानमध्ये असलेल्या सुमारे ७५ हजार लोकांची नोंदवही केली, त्यांत कुटुंबीयही आले. अंतर्गत मोजणी, म्हणजे शरीरात काही गेलं का याची यंत्रानं तपासणी, झाली सुमारे आठ हजार जणांची. बाकीच्यांचा डोस ठरला तो ते कुठे होते त्यावरून. जमिनीवरची १३ ठिकाणं आणि जहाजं धरून प्रत्येकासाठी अंदाज काढले. माणूस दिवसरात्र उघड्यावरच होता, धापा टाकत काम करत होता, असं गृहीत धरून मुद्दाम चढे अंदाज. पद्धत प्रामाणिक आहे, मीही तशीच केली असती. फक्त ती माणसाची नोंद नाही. आमच्याकडे डॅशबोर्डवर सगळे सर्व्हर हिरवे असतात आणि एक युजर फोन करून सांगतो की माझं पान उघडत नाही. त्याला आपण डॅशबोर्ड दाखवत नाही. त्याचा लॉग उघडतो. लॉगच नसेल तर त्याला फक्त इतकंच म्हणता येतं की बहुधा तुझ्याच फोनमध्ये काहीतरी असेल. ते खरं असूही शकतं. त्याचं समाधान मात्र होत नाही.

अमेरिकी सैन्याला ही अडचण नवी नव्हती. १७ जानेवारी १९६६ ला स्पेनमधल्या पालोमारेस गावावर एक बी-५२ विमान इंधन भरताना दुसऱ्या विमानावर आदळलं आणि चार हायड्रोजन बॉम्ब खाली पडले. अणुस्फोट झाला नाही, पण दोन बॉम्बमधलं प्लुटोनियम शेतांत पसरलं. सुमारे १,६०० सैनिकांनी ती माती खणून पिंपांत भरली, बऱ्याच जणांनी साध्या कपड्यांत. त्यांच्या लघवीचे नमुने तपासले गेले, आणि आकडे विश्वास बसणार नाही इतके मोठे आले म्हणून हवाई दलानं त्यातले बहुतेक बाजूला टाकले. पुढची पन्नासहून जास्त वर्षं ही माणसं आजारपणाचे लाभ मागत राहिली आणि तुमचा डोस कमी होता, असं उत्तर ऐकत राहिली. २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्यानं पालोमारेस, ग्रीनलंडमधलं थूल आणि मार्शल बेटांवरचं एनेवेताक इथे सफाईला गेलेल्यांचे ठरावीक आजार, डोस सिद्ध करायला न लावता, नोकरीतून आलेले मानले. तोवर त्यांच्यातले किती उरले होते? तोमोदाचीचं नाव त्या यादीत आलं नाही.

जपानमधून एक माणूस मात्र त्यांना भेटायला गेला. जुनिचिरो कोइझुमी, माजी पंतप्रधान. पदावर असताना अणुशक्तीचे समर्थक, फुकुशिमानंतर कट्टर विरोधक. मे २०१६ मध्ये ते कॅलिफोर्नियात आजारी खलाशांना भेटले आणि पत्रकारांसमोर बोलताना त्यांना रडू आवरलं नाही. परतून त्यांनी या माणसांच्या उपचारांसाठी निधी उभा करायला घेतला. उद्दिष्ट १० कोटी येनचं होतं आणि पैसे त्याहून जास्त जमले. त्यांच्या अश्रूंत अणुविरोधी राजकारणही मिसळलेलं होतं, हे मी नाकारत नाही. तरी त्या क्षणापर्यंत जपानच्या बाजूनं या माणसांसमोर जाऊन उभं राहणारं इतकं मोठं नाव दुसरं नव्हतं.

त्याच वर्षी, मार्च २०१६ मध्ये, अमेरिकी नौदलानं एक माहिती दिली. तोमोदाचीत किरणोत्सर्गाचा संपर्क आलेल्या २५ जहाजांपैकी १६ जहाजांवर पाच वर्षांनंतरही त्याचे थोडे अंश उरले आहेत: हवेच्या नळ्यांत, मुख्य इंजिनांत, जनरेटरांत. प्रमाण धोकादायक नाही, पण त्या जागा उघडायच्या असतील तर आधी तपासणी करावी लागते आणि काम ठरलेल्या पद्धतीनं देखरेखीखाली होतं. कुठल्या जहाजाच्या कुठल्या भागात काय असू शकतं, याची नोंद ठेवलेली असते, आणि जहाज गोदीत गेलं की ती नोंद बरोबर जाते. रेगन तेव्हा जपानमध्येच होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या जागी ते योकोसुकाला राहायला आलं होतं आणि पुढे मे २०२४ पर्यंत तिथेच राहिलं. २०११ साली त्याचं डेक घासणारे बहुतेक खलाशी तोवर नौदल सोडून गेले होते.